पिरॅमिड राहू द्या, हा मुठीएवढा काशाचा ठोकळा कशासाठी होता ते सांगा

खापरतुकडा

‘जगातली दहा न उलगडलेली रहस्यं’ छापाचे व्हिडिओ महिन्याभरात मला चार जणांनी पाठवले. चारही व्हिडिओंत तेच ते. पिरॅमिड, स्टोनहेंज, ईस्टर बेटावरचे पुतळे, नाझ्काच्या रेघा. मागे ढणढण संगीत आणि शेवटी ‘विज्ञानही निरुत्तर!’

अहो, कुठलं निरुत्तर? यातल्या बऱ्याच गोष्टी कशा केल्या हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. पण उत्तरं इतकी साधी आहेत की त्यांचा व्हिडिओ होत नाही.

पिरॅमिडचंच घ्या. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठावर वादी अल-जर्फ इथे पुरातत्त्वज्ञ पियेर ताले यांच्या पथकाला पापायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे तुकडे सापडले. लिखाण असलेले आजवर मिळालेले हे सगळ्यांत जुने पापायरस. ना शाप, ना मंत्र. मेरेर नावाच्या मुकादमाची चक्क रोजनिशी आहे, गिझाचा मोठा पिरॅमिड बांधून घेणाऱ्या खुफू राजाच्या कारकिर्दीच्या अखेरच्या काळातली. हाताखाली चाळीसेक माणसं. तुऱ्याच्या खाणीवर चुनखडीचे दगड नावेत भरले, वाटेत मुक्काम केला, गिझाला उतरवले, रिकामी नाव घेऊन परत. पुन्हा तेच. वरचा साहेब कोण, तेही लिहिलंय: अंखहाफ, खुफूचा सावत्र भाऊ. जगातल्या सगळ्यांत उंच पिरॅमिडची आतल्या माणसाने लिहिलेली हकिगत, आणि वाचायला अगदी ट्रान्सपोर्टच्या लॉगबुकासारखी.

मला झोप न येऊ देणारं कोडं वेगळंच आहे. रोमन द्वादशफलक. काशाचा पोकळ ठोकळा, चार ते अकरा सेंटिमीटरच्या दरम्यानचा. बारा पंचकोनी बाजू, प्रत्येक बाजूत गोल भोक, भोकांचे व्यास वेगवेगळे. वीस कोपऱ्यांवर वीस गोंड्यांसारख्या गोळ्या. पहिला नोंदला गेला १७३९ साली, इंग्लंडमध्ये. तेव्हापासून शंभराहून जास्त सापडले, तेही आताच्या फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन या पट्ट्यात. खुद्द इटलीत नाही. आणि ज्या रोमनांनी मधमाश्यांपासून गटारांपर्यंत सगळ्यावर लिहून ठेवलं, त्यांच्या लिखाणात याचा उल्लेखच नाही. रोमन लेखक प्लिनीने ३७ खंड लिहिले, त्यात एक ओळ नाही. चित्रातही कुठे दिसत नाही.

मेणबत्तीचा स्टँड, अंतर मोजायचं साधन, खेळ, भविष्य बघायचा फासा, हातमोजे विणायचा साचा. डझनभर तर्क आहेत आणि एकही धड बसत नाही.

तर हा धागा अशा कोड्यांसाठी. दिसायला किरकोळ, पण खरोखर न सुटलेली. परग्रहवासीयांसाठी वेगळा धागा काढा.

अर्धविराम

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

लोकरीचा_गुंडा

हातमोज्याचा साचा हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून लॉगिन केलं. मी पस्तीस वर्षं विणते आहे.

खिळ्यांभोवती दोरा फिरवून नळी विणायची पद्धत माहीत आहे ना? लाकडी रिळावर चार खिळे ठोकून लहानपणी करायचो ती. तिच्यात नळी किती जाड होणार हे ठरतं खिळे किती आणि एकमेकांपासून किती लांब आहेत त्यावर. मधलं भोक फक्त विणलेलं खाली सोडायला. आता तुमचा ठोकळा बघा. प्रत्येक बाजूला गोळ्या पाचच, सगळीकडे सारख्या अंतरावर. म्हणजे कुठल्याही बाजूने विणा, बोट एकाच जाडीचं होणार! मग भोकं बारा मापांची करायचा खटाटोप कशाला? ‘वेगळ्या बोटाला वेगळं भोक’ म्हणणाऱ्याने कधी सुई हातात धरलेली नाही.

शिवाय त्या काळात आपण करतो तसं विणकाम असल्याचा पुरावा नाही. इजिप्तमध्ये सापडलेले रोमन काळातले मोजे एकाच सुईने फास ओवत केलेले आहेत. ती पद्धत निराळी, तिला खिळे लागतच नाहीत.

खापरतुकडा

ताई, दंडवत! व्हिडिओवाल्यांनी ‘आजीने कोडं सोडवलं’ म्हणून हा तर्क जगभर फिरवला. आजीने आजीलाच खोडून काढलं.

तिसरा_डोळा

धागा छान, पण तुमचा सूर ‘आम्हाला सगळं कळलंय’ असा आहे. स्टोनहेंजचं काय? मधोमध आडवा पडलेला ‘अल्टार स्टोन’, वजन सहा टन. इतकी वर्षं म्हणत होते वेल्समधला आहे. २०२४ साली दगडातल्या खनिजकणांची वयं तपासली तर तो निघाला स्कॉटलंडच्या ईशान्य भागातला! सातशे किलोमीटरहून लांब. चाक नसलेल्या लोकांनी आणला कसा? डोंगरदऱ्यांतून ओढला की समुद्रातून? सांगा बघू.

आणि परग्रहवासीयांचा उल्लेख मी केलेला नाही, आधीच खवचटपणा नको.

खापरतुकडा

मान्य. दोन्ही मुद्दे मान्य. अल्टार स्टोन कसा आला ते कोणालाच ठाऊक नाही. धाग्याच्या पहिल्याच दिवशी माझी ‘कसं ते कळलंय’ची ऐट उतरवलीत.

पण ईस्टर बेटाचं ऐका. पुतळे खाणीतून किनाऱ्यापर्यंत कसे गेले असं विचारलं की बेटावरची माणसं पिढ्यान् पिढ्या एकच सांगायची: चालत गेले. बाहेरच्यांनी ती दंतकथा म्हणून सोडून दिली. २०१२ साली हंट आणि लिपो या दोघा अभ्यासकांनी सव्वाचार टनांहून जड नक्कल करून उभी केली, तीन दोर बांधले, अठरा माणसं लावली. एकदा डावीकडे ओढ, एकदा उजवीकडे, मागचा दोर तोल सांभाळायला. पुतळा डुलत डुलत चालायला लागला. जड कपाट आपण एकेका कोपऱ्यावर झुलवत सरकवतो, अगदी तस्संच. बेटावरची माणसं खरंच सांगत होती.

लेथमास्तर

उशिरा आलो. मी अँटिकिथेराच्या यंत्राबद्दल लिहितो, कारण आयुष्य दातेरी चक्रं कापण्यात गेलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्रीसजवळच्या अँटिकिथेरा बेटापाशी स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना १९०० साली बुडालेलं जहाज दिसलं. वर आलेल्या मालात काशाचा एक गंजलेला गोळा होता. १९०२ मध्ये कोणाच्या तरी लक्षात आलं की आत चाक दिसतंय. आज त्याचे ८२ तुकडे आहेत आणि ३० चक्रं शिल्लक, त्यातली २७ एकाच तुकड्यात. २०० वर्षं इकडेतिकडे, पण दोन हजार वर्षांपेक्षा जुनं. २००५ साली आठ टनांचं एक्स-रे यंत्र अथेन्सच्या संग्रहालयात नेऊन आतलं बघितलं, कारण तुकडे हलवायची सोय नव्हती. सूर्य, चंद्र, ग्रहणं सांगणारं हाताने फिरवायचं गणकयंत्र आहे ते.

लोक ‘इतकं प्रगत!’ म्हणून थांबतात. मी अडतो तो एका चक्रावर. त्याला २२३ दाते आहेत. का, ते सोपं आहे: ग्रहणांचं चक्र २२३ चांद्रमासांनी फिरून येतं. पण २२३ ही मूळ संख्या आहे हो! आमच्याकडे चाकाचे सारखे भाग पाडायला डिव्हायडिंग हेड असतं, भोकांच्या प्लेटा असतात. २४० दाते सांगा, कापून देतो. २२३ सांगितलं की साधं इंडेक्सिंग चालत नाही, गिअर लावून फरक काढत बसावं लागतं. त्या कारागिराकडे कंपास, पट्टी आणि कानस. अर्धं करत जाऊन २२३ भाग पडत नाहीत. एक-दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा, त्यावर त्रिकोणी दाते हाताने कानसलेले. वाटणी केली कशी? अंदाजाने पावलं टाकत जाऊन शेवटी उरलेला फरक थोडा थोडा वाटून टाकला असेल, मी तरी तसंच केलं असतं. पण तसं केलं की कुठेतरी दाता अडतो. अडला की परत कानस.

आणखी एक. चंद्र आकाशात कधी जलद, कधी सावकाश सरकतो. ते दाखवायला दोन चक्रं एकावर एक, पण मध्यबिंदू किंचित सरकवलेले. एकीवर खिळा, दुसरीत खाच. खिळा खाचेत आत-बाहेर सरकतो आणि वेग आपोआप कमीजास्त होतो. हे कळलं त्या रात्री मी अर्धा तास नुसता बसून होतो.

माझं कोडं असं की हे पहिलं यंत्र असूच शकत नाही. असलं काम पहिल्या फटक्यात कोणाला जमत नाही. याच्या आधीची बिघडलेली, अडणारी, टाकून दिलेली यंत्रं कुठे गेली?

निळी_शाई

लेथमास्तर, कसलं लिहिलंय! शेवटच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर साधं आहे: कासं वितळवता येतं. जहाज बुडालं म्हणून हे एक वाचलं. वर राहिलं असतं तर त्याच्या कड्या-बिजागऱ्या झाल्या असत्या.

जमाखर्च

हाच मुद्दा मी दुसऱ्या टोकाने मांडतो. जे टिकतं ते अपघाताने टिकतं.

क्रीट आणि ग्रीसमधल्या ‘लिनिअर बी’ या प्राचीन लिपीतल्या पाट्या कच्च्या मातीच्या होत्या. दर वर्षी नवा हिशोब, जुन्या पाट्या बहुधा भिजवून पुन्हा वापरायच्या. राजवाडे जळले तेव्हा पाट्या आगीत भाजल्या गेल्या आणि पक्क्या झाल्या. म्हणजे आपल्या हाती आलाय तो आग लागली त्या वर्षाचा हिशोब. मी ऑडिटमध्ये होतो, त्यामुळे या गोष्टीवर माझा विशेष जीव. आमच्याकडे आगीत कागद जातात, त्यांचे राहिले.

उलगडा कसा झाला तेही बघा. ॲलिस कोबर नावाच्या बाई ब्रुकलिनला कॉलेजात शिकवायच्या. रात्री घरी येऊन कुठलं चिन्ह कुठल्या चिन्हाशेजारी, किती वेळा, याची कार्डं करायच्या. युद्धकाळात कागद मिळेना तर शुभेच्छापत्रांच्या, पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजू कापून वापरल्या. अशी सुमारे १,८०,००० कार्डं, सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवलेली. ही भाषा कोणती असेल याचा अंदाज बांधायलाच त्यांनी नकार दिला. आधी चिन्हं कशी वागतात ते बघू, म्हणाल्या. शब्दांची शेपटं बदलतात, म्हणजे विभक्तीसारखं काहीतरी आहे, हे त्यांनी दाखवलं. १९५० मध्ये त्या गेल्या. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने पुढची उडी मारली आणि भाषा निघाली ग्रीक! त्यालाही आधी ती इट्रस्कन वाटत होती.

पण ते बरोबर कशावरून? तर ग्रीसमधल्या पायलोसची एक पाटी नव्याने साफ झाली होती, उलगडा करताना ती वापरलेलीच नव्हती. व्हेंट्रिसची किल्ली लावून वाचली तर शब्द आला ‘ति-रि-पो-दे’, आणि शेजारी चित्र तीन पायांच्या भांड्याचं. पुढे चार कानांचं भांडं, तिथे ‘चार’चा शब्द. बिनकानी भांड्यापुढे ‘बिनकानी’. असा ताळा जुळला की ऑडिटर सही करतो.

तिसरा_डोळा

आणि एवढ्या मेहनतीनंतर हाती काय आलं? मेंढ्या किती, तेल किती. एक कविता नाही.

जमाखर्च

साहेब, मेंढ्यांनीच तर किल्ली पक्की केली. कवितेत ताळा जुळवणार कशाशी?

अर्धविराम

आलो. फेस्टोसच्या तबकडीबद्दल कोणीच कसं नाही बोललं? १९०८ साली क्रीटमध्येच सापडली, साधारण १६ सेंटिमीटर व्यास, ४५ वेगळी चिन्हं, ओल्या मातीत ठसे उमटवून. दर दोन वर्षांनी कोणीतरी ‘वाचली’ म्हणून जाहीर करतो.

खापरतुकडा

कारण ती एकटी आहे. २४०च्या आसपास ठसे, बस. दुसरी तबकडी नाही, तेच ठसे मारलेलं दुसरं काही नाही. एवढ्याशा मजकुरात कुठलीही भाषा कोंबता येते आणि कोणाला चूक ठरवताही येत नाही. ताळाच नाही. मी तिच्यावर वेळ घालवत नाही.

निळी_शाई

इटलीतल्या हर्क्युलेनियमच्या पापायरसच्या गुंडाळ्यांवर मात्र घालवा. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात, इ.स. ७९ मध्ये, एका बंगल्यातलं अख्खं ग्रंथालय जळून कोळसा झालं. गुंडाळ्या १७५२च्या सुमारास सापडल्या. उलगडायला गेलं की भुगा. आता त्या न उघडता स्कॅन करतात आणि संगणकावर थर सुटे करतात. अडचण एकच: शाई काजळीची, कागद कोळसा. एक्स-रेला दोन्ही सारखेच काळे.

मग एका माणसाने तासन् तास स्क्रीनवर नुसत्या त्या थरांच्या प्रतिमा डोळ्यांनी बघितल्या. त्याला काही ठिकाणी सुकलेल्या चिखलाला पडतात तशा भेगांची नक्षी दिसली. ती शाई होती! तो धागा पकडून विद्यार्थ्यांनी मशीन लर्निंगची मॉडेल्स शिकवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिला शब्द वाचला गेला, ‘जांभळा’. फेब्रुवारी २०२४ पर्यंत दोन हजार अक्षरं. मजकूर सुखाबद्दलचा: दुर्मीळ गोष्टीने जास्त सुख मिळतं का, असा काहीसा. सगळी चर्चा एआयची झाली. आधी डोळ्यांना पाणी येईपर्यंत कोणीतरी बघत बसलं होतं, हे मला जास्त आवडतं.

थर_क्रमांक_४

इथे एक कबुली देतो. विद्यार्थी असताना दोन हंगाम उत्खननावर होतो. खड्ड्यात बसून ब्रशने माती सारायची, चाळणीत टाकायची, सापडेल त्याला चिठ्ठी: खड्डा, थर, खोली, तारीख. एका दुपारी मला करवंदाएवढा लाल दगडी मणी मिळाला. आनंदाच्या भरात उचलला आणि दाखवायला धावलो. परत आलो तेव्हा कुठून उचलला तेच सापडेना, दोन थरांच्या सीमेवर होतो. सरांनी आवाज चढवला नाही, फक्त पिशवी पुढे केली. त्यावर मीच लिहिलं: ‘थर अज्ञात’. मणी सुंदर आहे. त्याच्याबद्दल काहीही सांगता येत नाही.

बगदादची ती तथाकथित ‘बॅटरी’ अशीच. मातीचं भांडं, तांब्याची नळी, लोखंडी सळई. १९३०च्या दशकातलं उत्खनन, नोंदी धड नाहीत. तार नाही, विजेवर चालणारी दुसरी वस्तू नाही. तशाच प्रकारच्या भांड्यांत पापायरसचे अवशेष मिळालेत, म्हणजे गुंडाळ्या ठेवायची भांडी असू शकतात. आता तर पडताळायचीही सोय नाही, २००३च्या लुटीत ती संग्रहालयातूनच गेली.

म्हणून धागाकर्त्याच्या ठोकळ्याबद्दल मला २०२३ची बातमी महत्त्वाची वाटते. इंग्लंडमध्ये नॉर्टन डिस्नी गावी हौशी मंडळींच्या उत्खननात एक अख्खा ठोकळा मिळाला, आणि तो जागच्या जागी, खड्ड्यात, रोमन काळातल्या खापरांसोबत. बहुतेक जुने कुठे सापडले त्याच्या नोंदीच नाहीत. याचा शेजार माहीत आहे.

तिसरा_डोळा

आणि शेजारावरून काय ठरलं? ‘विधीसाठी असावं’! पुरातत्त्ववाल्यांना वापर कळला नाही की वस्तू विधीची होते.

थर_क्रमांक_४

हा टोला बसला, नाकारत नाही. गोबेकली तेपेचं तेच झालं. तुर्कस्तानातली टेकडी, इ.स.पू. ९५००च्या सुमाराचे टी आकाराचे साडेपाच मीटरपर्यंतचे खांब, शेती रुळायच्या आधीचे. १९६३च्या पाहणीत वर आलेले दगड मध्ययुगीन कबरी समजून सोडून दिले होते. १९९५पासून क्लाउस श्मिट यांनी खणलं आणि ठाम सांगितलं की इथे कोणी राहत नव्हतं, हे देऊळ, आणि लोकांनी ते मुद्दाम बुजवलं. श्मिट २०१४ मध्ये गेले. त्यानंतर तिथेच राहती घरं असल्याच्या खुणा मिळाल्या. बुजवणंही मुद्दाम नसून उतारावरची माती घसरल्याने झालं असावं, असं आता त्यांच्याच पथकातली मंडळी मांडतात. साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे खांब तेच, फक्त आमची गोष्ट बदलली.

अर्धविराम

चीनच्या पहिल्या सम्राटाची कबर मग उघडत नाहीत ते बरंच म्हणायचं. १९७४ मध्ये विहीर खणताना मातीचे सैनिक सापडले, त्यांच्यावरचा रंग हवा लागताच काही मिनिटांत सोलून गेला. मुख्य टेकडी तशीच आहे. आत पाऱ्याच्या नद्या होत्या असं जुना चिनी इतिहासकार सिमा चियान लिहितो, आणि वरच्या मातीत पारा खरंच जास्त आहे. राहू दे तसंच.

बरं, सगळ्यांत मोठं कोडं सिंधू लिपीचं, त्यावर धागाकर्ते गप्प का?

खापरतुकडा

भांडणं होतात म्हणून. पण विचारलंत तर सांगतो.

अडचण मजकुराच्या लांबीची आहे. इंचभर चौरस मुद्रा, वर पाच-सहा चिन्हं, खाली एकशिंगी प्राणी. सरासरी पाचच चिन्हं, आणि एका बाजूवरचा सगळ्यांत लांब लेख सतरा चिन्हांचा. एकूण चिन्हं चारशेच्या घरात. कोबरबाईंसारखी कार्डं इरावतम महादेवन यांनी संगणकावर केली, १९७७ मध्ये त्यांची सूची आली. बी. बी. लाल यांनी कालीबंगनच्या खापरावर कुठली रेघ कुठल्या रेघेवर चढली आहे हे बघून दाखवलं की लेखन उजवीकडून डावीकडे आहे. धोलावीराच्या दाराशी दहा चिन्हांचा फलक सापडला, त्यात आऱ्यांच्या चाकासारखं एकच चिन्ह चार वेळा. २००४ साली तिघा अभ्यासकांनी तर ही लिपीच नाही असं मांडलं. भाषा माहीत नाही, लिपी माहीत नाही, द्विभाषिक लेख नाही. कोणी फेसबुकवर ‘वाचली’ म्हटलं की मी एवढंच विचारतो, ताळा कुठे आहे?

तरी एक गोष्ट मनात घर करून आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मेसोपोटेमियातल्या अक्कडी काळातला, म्हणजे सव्वाचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचा, एक दंडगोल शिक्का आहे. त्यावर मालकाचं नाव आणि धंदा कोरलाय: शु-इलिशु, मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी. मेलुह्हा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. चित्रात बसलेल्या कुणाच्या तरी मांडीवर लहानशी आकृती, समोर आलेली दोन माणसं, एकाच्या हातात जनावर. त्या गर्दीत कोणीतरी दोन्ही भाषा बोलत होतं! मेसोपोटेमियाच्याच एका पाटीवर मेलुह्हाच्या माणसाने कोणाचा तरी दात तोडल्याबद्दल १० शेकेल चांदी भरल्याची नोंद आहे. इतकं बारीक लिहून ठेवणारे लोक. पण मेलुह्हाचं एक वाक्य कोणी लिहून घेतलं नाही, किंवा घेतलं असेल तर ते अजून मातीत आहे.

लोकरीचा_गुंडा

किंवा सापडलं असेल आणि कुठल्यातरी पिशवीवर ‘थर अज्ञात’ लिहिलेलं असेल.

थर_क्रमांक_४

ताई, जखमेवर मीठ.

जमाखर्च

दाताचा दंड लिहिला, म्हणजे दुभाष्याची मजुरीही कुठेतरी लिहिलेली असणार. ती पाटी निघाली की आधी माझ्याकडे पाठवा, बेरीज तपासून देतो.